फोटोच्या चौकटीबाहेरचे गाव

एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे:

"माझे वय ४८. लग्नानंतर मी नेरूळला राहते. माझे माहेर म्हणजे नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एक. २०१८ मध्ये आमचे घर पाडले. भावाने मिळालेल्या भूखंडावर चांगली इमारत बांधली आहे आणि बाबा त्याच्याकडेच असतात. त्यांचे वय ७८. आय, म्हणजे माझी आई, चार वर्षांपूर्वी गेली. घर रिकामे करताना फोटोंची पत्र्याची पेटी मी माझ्याकडे आणली. बहुतेक फोटो लग्नाचे आणि हळदीचे आहेत, पण त्यांतल्या निम्म्या माणसांची नावे मला ठाऊक नाहीत. बाबांना फोटो दाखवले की ते गप्प होतात, एक-दोनदा रडलेही. भाऊ म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास देतेस? रात्री सगळे झोपले की मी मोबाइलवर गावाचे जुने उपग्रहचित्र उघडते आणि आमचे छप्पर शोधत बसते. आय करायची तसे निवटे या खाडीतल्या माशांचे कालवण आणि सुकट करून पाहते, पण ती चव येत नाही. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. ती म्हणते, 'आई, तू तिथेच अडकली आहेस.' मोबदला मिळाला, घर मिळाले, मग दुःख करण्याचा मला हक्क तरी आहे का? आणि या पेटीचे मी करू काय?"

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हक्काचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी आणि जवळजवळ माफी मागत विचारला आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देते. तो हक्क तुम्हाला आहे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित जमीन, बांधकामाचा खर्च, स्थलांतराच्या काळातले भाडे हा मोजता येणाऱ्या गोष्टींचा मोबदला होता आणि तो मिळणे न्याय्यच होते. खारबांधावरच्या उघाडीकडे, म्हणजे खाडीचे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराकडे, कोणी लक्ष ठेवायचे, हळदीच्या दिवशी कोणाच्या पडवीत पंगत बसायची, घरात मयत झाले तर पहिली हाक कोणत्या घरी जायची, याची नोंद मात्र कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. तेव्हा भूखंड मिळाल्यावर ही हानीही भरून निघाली पाहिजे, अशी अपेक्षा तुमच्याकडून कोणी करू नये आणि तुम्ही स्वतःकडूनही करू नये. भावाच्या नव्या घराचा आनंद आणि जुन्या घरासाठी तुटणारा जीव एकाच मनात सुखाने नांदू शकतात. त्यासाठी एकाला खोटे ठरवावे लागत नाही.

तुमची हानी इतरांपेक्षा थोडी वेगळी आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. ठाण्यात नौपाडा-चरईची जुनी घरे पुनर्विकासात गेली, पण तिथला माणूस आजही मासुंदा तलावाच्या काठाने चालत कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत येतो आणि नातवाला बोटाने दाखवतो की आमचे घर या गल्लीत होते. तुमच्याकडे सुमारे ११६० हेक्टरांच्या विमानतळासाठी गावे हलली, उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ज्याचे उद्घाटन झाले त्या विमानतळाच्या कुंपणाआड सारे गेले. बोट दाखवायला टेकडीसुद्धा उरली नाही. अशा माणसाने रात्री उपग्रहचित्रात आपले छप्पर शोधावे, यात अडकणे नाही. कुठेतरी खूण सापडावी, ही साधी गरज आहे.

तरीही रात्रीचे ते एकटीने शोधणे थांबवा, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. गावाच्या ओढीने माणूस झुरतो ही गोष्ट १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात चक्क रोग म्हणून मांडली आणि पुढे दीर्घकाळ ती तशीच मानली गेली. अलीकडे ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशट यांनी या ओढीचा बराच अभ्यास केला. त्यांना असे दिसले की एकटेपणा वाटू लागला की अशा आठवणी अधिक येतात, त्या आठवणींच्या मध्यभागी बहुधा जवळची माणसे असतात आणि त्या आल्यावर आपण कोणाचे तरी आहोत ही भावना बळावते. तुमच्या रात्रीच्या चित्रात नेमकी माणसेच नाहीत. उपग्रहाने वरून टिपलेले छप्पर सापडते, पण त्याखाली कोणी चालताना, बोलताना दिसत नाही, आणि म्हणून ते पाहून तुम्हाला जवळीक लाभण्याऐवजी दर रात्री नव्याने रिकामे झाल्यासारखे वाटत असणार. तेच चित्र दिवसा, बाबांच्या शेजारी बसून, मोठ्या पडद्यावर उघडा. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रे पाहण्याची सोय आहे. बाबांना वाट विचारत जा: देवळापासून आपल्या घरी यायचे तर कोणाकोणाच्या अंगणावरून यायचे? मग त्या छपरांखाली माणसे येतील.

आता पेटीकडे येते. त्या फोटोंविषयी एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचे बरेच सोपे होईल. तुमच्या वडिलांच्या ऐन उमेदीच्या काळात फोटो काढणे खर्चाचे काम होते. फोटोवाल्याला खास बोलवावे लागे आणि तो लग्नाला, हळदीला, फार तर गावच्या जत्रेला येई. मिठागरावर भर दुपारी मीठ ओढणाऱ्या माणसांचा, लावणीच्या चिखलात वाकलेल्या बायकांचा, ओहोटीला खाडीत उतरलेल्या पोरांचा फोटो काढायला कोणी पैसे मोजले नाहीत. म्हणजे तुमच्या पेटीत गाव आहे ते वर्षातल्या मोजक्या दिवसांचे, नवी साडी नेसलेले आणि कॅमेऱ्याकडे पाहणारे. उरलेले सारे गाव फोटोच्या चौकटीबाहेर आहे आणि ते आज बाबांसारख्या माणसांखेरीज कोणाकडेही नाही. त्यात आणखी एक धोका आहे. आठवण दर वेळी मनात नव्याने जुळवली जाते आणि एकच फोटो वारंवार पाहत राहिले तर त्या दिवसाच्या आठवणीची जागा हळूहळू तो फोटोच घेऊ शकतो. तुमच्या मनातली आय त्या हळदीच्या फोटोतली होऊन जावी आणि चुलीपुढची पुसट व्हावी, असे तुम्हाला नको असेल, तर फोटोकडे पाहण्यापेक्षा फोटोवरून बोलणे अधिक झाले पाहिजे.

बाबा गप्प होतात याचे एक कारण कदाचित आपल्या विचारण्यात असेल. "हे कोण, आठवतंय का?" हा प्रश्न ७८ वर्षांच्या माणसाला परीक्षेसारखा वाटतो. नाव आठवले नाही तर तो ओशाळतो आणि आठवले तर ते बहुधा गेलेल्या माणसाचे असते. त्याऐवजी चौकटीबाहेरचे विचारा. फोटोवाला कुठे उभा होता? त्याच्या पाठीमागे काय होते? मांडवाचे बांबू कोणाकडून आणले? जेवण कोणी रांधले? कोपऱ्यात अर्धवट दिसणारी ती बाई लग्नात धवले ही विधीची गाणी म्हणणारी धवलारीण तर नाही ना, आणि असेल तर तिने कोणता धवला म्हटला होता? अशा प्रश्नांना चूक-बरोबर नसते आणि एकातून दुसरे निघत जाते. साधारणपणे दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत दाट असतात, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. तेव्हा घर पाडले त्या वर्षाविषयी सुरुवातीला बोलूच नका, त्यांच्या तरुणपणापासून सुरुवात करा. पहिल्या बैठकीला तीनच फोटो घ्या, आणि शक्यतो आयचा फोटो त्यात नको. त्यांच्या सोबत्यांचा, बैलांचा, होडीचा असेल तर तो घ्या.

ते रडले म्हणून भाऊ घाबरला, हे स्वाभाविक आहे आणि त्यामागे बापाविषयीची मायाच आहे. पण रडणे आणि अपाय होणे यांत फरक करायला हवा. रडून झाल्यावर ते सावरत असतील, पुढे चार शब्द बोलत असतील, रात्री नीट जेवून झोपत असतील, तर ते अश्रू वाहू द्यावेत. आयसाठी आणि गावासाठी त्यांना एकत्र रडायला दुसरी जागा तरी कुठे आहे? मात्र फोटो पाहिल्यावर पुढचे काही दिवस त्यांची झोप आणि भूक मोडत असेल, संध्याकाळ झाली की "मला घरी जायचे आहे" म्हणून ते बाहेर निघत असतील, आय गेली आहे हेच विसरत असतील किंवा आता जगून काय करायचे असे बोलू लागले असतील, तर फोटो बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरांकडे न्या. उतारवयातली उदासी आणि विसरभोळेपणाचा आजार या दोन्हींवर वेळेवर उपचार व्हावे लागतात आणि केवळ वयाकडे बोट दाखवून त्यांची बोळवण करू नये.

ते जे सांगतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यांच्याच आगरी बोलीत राहू द्या. कागदावर उतरवताना आपला हात नकळत वाक्ये शुद्ध करतो आणि त्यांचा आवाज हरवतो. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने, न दाबता, नाव आणि नाते लिहा. "काशीकाकू" एवढे लिहिलेले पन्नास वर्षांनी कोणाला उपयोगी पडत नाही, "अमक्याची थोरली सून, विहिरीजवळचे घर" हे पडते. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन फोटोचा नाश करतात आणि काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट त्याचा फोटो घ्यावा. १९७०-८० च्या सुमाराचे रंगीत फोटो आता तांबूस पडले असतील, कारण त्या कागदावरचा निळसर रंग आधी उडतो. कृष्णधवल फोटो त्यांच्याहून टिकाऊ असतात, म्हणून रंगीत फोटोंच्या नकला प्रथम करा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइलने काढलेल्या नकलाही पुरेशा चांगल्या येतात. नवी मुंबईच्या पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीला गंज चढतो आणि आत बुरशी धरते. फोटो कागदी पाकिटांत घालून कोरड्या कपाटात ठेवलेले बरे.

तुमच्या गावचे फोटो तुमच्या पेटीत असतील त्याहून अधिक तुमच्या सोयऱ्यांकडे असतील. आपल्याकडच्या मुली गव्हाणला, जासईला, उरणला, पनवेलच्या बाजूला दिल्या जातात आणि माहेरच्या लग्नाचे फोटो त्यांच्या सासरच्या कपाटांत असतात. पाहुणा म्हणून आलेल्याने काढलेल्या किंवा मागून घेतलेल्या फोटोत तुमच्या घराची भिंत, तुमची विहीर, तुमच्या गल्लीचे वळण मागे सहज आलेले असते. त्यांना फोन करताना "जुने फोटो आहेत का" असे मोघम विचारू नका. अमक्या वर्षीच्या अमक्याच्या लग्नातले फोटो, असे विचारा. शिवाय जमिनीचा जुना सात-बारा काढून पाहा. गाव नमुना सातमध्ये "शेताचे स्थानिक नाव" असा रकाना असतो. तो पुष्कळदा कोरा असतो, पण भरलेला असेल तर ज्या नावांनी तुमची आजी शेते ओळखत होती ती नावे सरकारी कागदावर लिहिलेली सापडतील, आणि कोरा असेल तर बाबांकडून विचारून ती नावे तुम्ही लिहून ठेवा. गूगलच्या चित्रात शेताची सीमा दिसते, नाव दिसत नाही.

आणखी एक विषय बाबांपुढे अवश्य काढा. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाटा परिसरात नवी मुंबईच्या उभारणीत जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. तुमचे बाबा तेव्हा ऐन पस्तिशीत होते. गावातून कोण कोण गेले, कसे गेले, मागे घरी बायकांनी काय केले, हे त्यांनी पाहिलेले आहे. त्या दिवसांचा एकही फोटो तुमच्या पेटीत नसेल. जमीन गेली एवढेच तुमच्या मुलीला माहीत असण्याची शक्यता आहे; तिचे आजोबा त्या जमिनीसाठी रस्त्यावर उतरले असतील तर ते तिला त्यांच्याच तोंडून कळले पाहिजे.

चवीविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून मला फार वाईट वाटले, कारण त्यात तुम्ही सारा दोष स्वतःच्या हाताला दिला आहे. ताई, तुमचा हात चुकत नाही. आय ज्या निवट्यांचे कालवण करायची ते ओहोटीला खाडीच्या चिखलातून हाताने धरलेले आणि तासाभरात चुलीवर चढलेले असत. आज बाजारात मिळणारे निवटे कोणत्या खाडीतले आणि किती वेळापूर्वीचे, हे कोण सांगणार? भाकरीचा तांदूळ खाजणातला असे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे राता तांदळासारखे तांबूस दाण्याचे जुने वाण वेगळे, त्यांच्या भाकरीचा वासही वेगळा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी पनवेल-१, पनवेल-२ असे सुधारित वाण दिले, पण जिथे जमीनच उरली नाही तिथे कोणता वाण लावणार? लाकडाचा धूर, पाट्यावरचे वाटण, मातीचे भांडे आणि उन्हाळ्यात साऱ्या घरांनी मिळून कुटलेला मसाला हे सगळे त्या चवीत होते. तेव्हा हुबेहूब तीच चव आणण्याचा हट्ट सोडा. ती येणार नाही, आणि दर वेळी ती आली नाही म्हणून तुम्ही आयला पुन्हा एकदा गमावत राहाल.

वासाचे मात्र तसे नसते. गंधाचा संदेश मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोचतो, म्हणून तव्यावर सुकट भाजल्याचा नुसता दरवळ आला तरी जुना प्रसंग अख्खा उभा राहतो. बाबांना फोटो दाखवण्याआधी त्यांच्या घरी स्वयंपाकघरात सुकट भाजा, तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकऱ्या थापा आणि त्या वासातच त्यांच्याशी बोलायला बसा. आय मीठ-मसाला कधी घालायची, निवट्यांचा बुळबुळीतपणा काढायला काय करायची, हे त्यांना विचारा. पुरुषांनाही पाहून पाहून बरेच ठाऊक असते. मापे लिहिण्यापेक्षा क्रम लिहून ठेवा. पहिल्या पावसानंतर बाजारात शेवळं ही रानभाजी आली की तिच्यात घालायची काकडं ही फळे मिळवून ती करा, म्हणजे वर्षाचे जुने वेळापत्रक तुमच्या घरात चालू राहील.

आणि थंडीत पोपटी लावा. हे मी मुद्दाम वेगळे सांगते आहे, कारण पोपटी एकट्या बाईच्या स्वयंपाकघरात होत नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडके उपडे ठेवून भोवती पेटवायचे आणि ते होईपर्यंत सगळ्यांनी भोवती बसायचे, हाच तिचा अर्धा स्वाद आहे. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात ती लागत असे. आता एखाद्या नातेवाइकाच्या मोकळ्या जागेत किंवा इमारतीच्या आवारात, परवानगी आणि काळजी घेऊन, लावता येईल. नव्या वसाहतीत पांगलेली तुमच्या गावची चार-पाच घरे बोलवा आणि प्रत्येकाला आपापल्या घरातला एक जुना फोटो घेऊन यायला सांगा. एकाला न आठवलेले नाव दुसरा सांगतो, तिसरा त्याला दुरुस्त करतो, त्यावरून वाद होतो, आणि ज्याला आपण गाव म्हणत होतो ते त्या वादात चालू असते. तुमच्या रात्रीच्या मोबाइलवर हे कधीही मिळणार नाही.

मुलीच्या बोलण्याचे वाईट वाटून घेऊ नका. ती आईला रात्री जागताना पाहते आणि तिला काळजी वाटते. तिच्या वयाला ती काळजी तशाच शब्दांत बोलता येते. तिला "तुला आमच्या गावाची किंमत नाही" असे म्हणू नका. तिने ते गाव पाहिले ते सुट्टीत आजोळी आलेल्या मुलीच्या नजरेने आणि घर पडले तेव्हा ती लहान होती, त्यामुळे तुमच्याइतके दुःख तिला व्हावे ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. तिला काम द्या. आजोबांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण करणे, फोटोंच्या नकला नावांनिशी लावणे, उपग्रहचित्रावर घराघराची नावे भरणे हे ती तुमच्यापेक्षा चटकन करील, आणि प्रश्नही तुम्हाला न सुचणारे विचारील, कारण जे तुम्हाला माहीतच आहे म्हणून तुम्ही विचारत नाही ते तिला माहीत नाही.

भावाला मात्र हे सारे सुरू करण्यापूर्वी सांगा. बाबा त्याच्या घरी राहतात, रडण्यानंतरची रात्र त्याला आणि वहिनींना सांभाळावी लागते, तेव्हा कोणत्या दिवशी आणि किती वेळ बसायचे हे त्यांना विचारून ठरवा. सकाळची वेळ बरी. पेटी तुमच्याकडेच राहू द्या, पण नावे लिहिलेल्या नकलांचा एक संच त्याच्या घरी ठेवा, आणि १९८४ च्या किंवा मिठागराच्या गोष्टी निघतील त्या दिवशी त्यालाही शेजारी बसवा. तो तुमच्यापेक्षा मोठा असो वा लहान, मुलगा म्हणून बाबांबरोबर शेतावर आणि खाडीवर तो तुमच्याहून अधिक गेला असणार, आणि त्याच्याकडेही असे काही असेल जे त्याला आजवर कोणी विचारलेले नाही.

तुमची,
सदर-लेखिका